सहलीच्या यादीत नाटक सगळ्यात वर लिहा

गेल्या महिन्यात ताईचा सांगलीचा ग्रुप पुण्याला आला होता. सकाळी एकत्र फिरायला जाणारी मंडळी, एकोणीस जण, बहुतेक साठीच्या पुढचे. येण्याआधी दाजींनी मला व्हॉट्सॲपवर कार्यक्रम पाठवला, कुणा टूरवाल्यानं करून दिलेला. रविवारच्या एका दिवसात अकरा ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी वीस-पंचवीस मिनिटं आणि संध्याकाळी पाचनंतर 'मोकळा वेळ, लक्ष्मी रोडवर खरेदी'. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी जिथे 'सीता स्वयंवर', मराठीतलं पहिलं मानलं जाणारं नाटक, उभं केलं, त्या गावची ही माणसं. पुण्यातली रविवारची संध्याकाळ त्यांनी पिशव्या सांभाळत काढायची? मी लगेच फोन लावला. म्हटलं, दाजी, हे सगळं बाजूला ठेवा. आधी मी नाटकाची तिकिटं काढते, बाकीचं त्याच्यामागून ठरवू.

आपल्याकडे सहलीत नाटक आलंच तर ते उरलेल्या वेळात येतं. पाय दुखताहेत, डोळे मिटताहेत, अशा अवस्थेत माणसं खुर्चीत जाऊन पडतात आणि दुसऱ्या अंकात निम्मी रांग पेंगते. समोर नट घाम गाळत असताना हे होतं, याचं मला फार वाईट वाटतं. वाडा उद्याही तिथेच असतो, बागही असते. प्रयोग त्या दिवशी, त्या वेळी, त्या माणसांपुढे एकदाच होतो. म्हणून दिवस त्याच्याकडून मागे मोजत यायचं. बालगंधर्वचा साडेपाचचा प्रयोग, म्हणजे दुपारी दोन तास आडवं होणं सक्तीचं, म्हणजे वाडे सकाळीच, आणि बाग त्याच्याही आधी. अकरातली चारच ठिकाणं उरली. दाजींना ते सुरुवातीला पटलं नव्हतं.

बाग आधी घेण्याचं एक साधं कारण आहे. महापालिकेच्या बहुतेक बागा दुपारी बंद असतात आणि बाहेरगावची मंडळी नेमकी बारा वाजता कुलूप बघून परत फिरतात. आम्ही सातलाच सिंहगड रोडच्या पु. ल. देशपांडे उद्यानात होतो. दहा एकरांची ही बाग जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेली आहे आणि ती कोराकुएन तीनशे वर्षांहून जुनी. इथे एका जागी उभं राहून सगळी बाग दिसत नाही. वळणावर तळं दिसतं, पुढच्या वळणावर झाडांआड जातं, मग पूल येतो. चालणाऱ्याला काय कधी दाखवायचं, हे आखणाऱ्यानं ठरवून ठेवलेलं असतं. रोज भराभर चालणारा हा ग्रुप त्या सकाळी आपोआप हळू चालायला लागला.

मग शनिवारवाडा. दिल्ली दरवाजाचे खिळे बघून झाले, नगारखाना बघून झाला आणि आत आल्यावर ताईची मैत्रीण म्हणाली, "अगं, इथं तर नुसती जोतीच आहेत की!" प्रत्येक सहलीत हे वाक्य येतं आणि बहुतेक सहली तिथूनच मागे वळतात. मला त्या क्षणी थांबायचं असतं. १७३२ साली वास्तुशांत झालेला वाडा १८२८ च्या आगीत गेला हे सगळे सांगतात. पण त्या जोत्यांवर काय काय होतं हे सांगायला वेळ लागतो. इथे गणेश रंगमहाल होता, गणेशोत्सवात नाचगाणं व्हायचं ते तिथे. इथे हजारी कारंजं आहे, सोळा पाकळ्यांच्या कमळाचं, भोवती बाग. राहता वाडा, बाग आणि रंगमहाल एकाच तटबंदीच्या आत होते! आपण आज त्याचे तीन तुकडे केलेत. इतिहासाची सहल वेगळी, बागेत मुलांना न्यायचं वेगळं आणि नाटक ज्यांना आवडतं त्यांचं ते. एका दिवसात तिन्ही बघायचा माझा हट्ट इथून आलेला आहे. आम्ही कारंज्याजवळ पाऊण तास होतो. कुणीही घड्याळ बघितलं नाही.

बाहेर पडल्यावर नाना वाडा, पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीस यांचा. आत न जाता रस्त्यावरूनच दाखवला, कारण मला पुढची जोडी लावायची होती. नाना फडणविसांचं पुणे ज्या नाटकात आलं, त्या 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ ला सदाशिव पेठेतल्या भरत नाट्य मंदिरात झाला. वाडा एका पेठेत, नाटक पलीकडच्या पेठेत, मध्ये पावणेदोनशे वर्षांहून जास्त काळ, आणि अंतर चालत जाण्याइतकं. हे दुसऱ्या कुठल्या गावात सापडेल मला माहीत नाही.

विश्रामबाग वाड्यापर्यंत आम्ही चालतच गेलो, गुडघेवाल्या दोघी रिक्षानं. दुसऱ्या बाजीरावानं १८०७ मध्ये दोन लाख रुपये खर्चून बांधलेला हा वाडा. शनिवारवाड्यात जे कल्पनेनं उभं करावं लागतं, ते इथे लाकडात समोर असतं. सुरूच्या आकाराचे खांब, त्यांवरची नक्षी, रस्त्याकडे झुकलेली कोरीव दर्शनी बाजू. समोरून रोज हजारो पुणेकर जातात आणि मान वर करत नाहीत. मीही कितीतरी वर्षं केली नव्हती. ग्रुपमधले एक काका आयुष्यभर सुतारकाम केलेले. ते एका खांबाजवळ बराच वेळ उभे होते, मग सांधा दाखवून म्हणाले, "हे हातानं केलंय, बघा." आमच्यापैकी कुणाच्याच नजरेला तो सांधा आला नव्हता.

दुपारी जेवण, झोप. पाचला बालगंधर्व. इथे मी एक गोष्ट मुद्दाम केली होती. एकोणीस तिकिटं एका रांगेत घेतली नव्हती. पाच पुढे, काही मध्ये, काही बाल्कनीत. ताई आधी चिडली, "सहलीला एकत्र आलो ना आपण?" पण एका रांगेत बसलं की माणसं एकमेकांकडे बघून हसतात. वेगळी बसली की नाटकाकडे बघतात आणि बाहेर आल्यावर प्रत्येकाकडे सांगायला वेगळं असतं. तिसरी घंटा झाली आणि मागे-पुढे बसलेली आमची माणसं अंधारात मला दिसेनाशी झाली. मध्यंतरात बटाटेवड्यांच्या रांगेत चर्चा सुरू झाली ती रात्री जेवणापर्यंत चालली.

बालगंधर्व रंगमंदिर मी प्रेक्षणीय वास्तू म्हणूनही दाखवलं. कोनशिला १९६२ मध्ये खुद्द बालगंधर्वांच्या हातची. १९६७ मध्ये ते गेले आणि २६ जून १९६८ ला, त्यांच्या जन्मदिवशी, पडदा उघडला. गोपाळ देऊस्करांनी काढलेली त्यांची दोन चित्रं, एक पुरुषवेशातलं आणि एक स्त्रीवेशातलं, सगळ्यांनी बघितली. ही वास्तू पाडून नवी बांधायची चर्चा गेली काही वर्षं चालू आहे. स्वच्छतागृहं सुधारा, खुर्च्या बदला, ध्वनियंत्रणा नवी आणा, या सगळ्याला माझा पाठिंबा आहे. पण दोनशे वर्षांचा वाडा तेवढा वारसा आणि पन्नास-साठ वर्षांचं नाट्यगृह म्हणजे नुसता प्लॉट, हे मला मान्य नाही. शनिवारवाड्याच्या जोत्यांवर उभं राहून रंगमहाल कल्पनेनं बघून आलेली माणसं त्या संध्याकाळी माझ्याबरोबर होती. त्यांना हे समजावून सांगावं लागलं नाही.

परवा ताईचा फोन आला. आता पुणेकरांनी सांगलीला यायचं, ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी. सकाळी आमराई, मग गणपती मंदिर आणि कृष्णेचा घाट, दुपारी झोप, संध्याकाळी भावे नाट्यमंदिर. क्रम दाजींनी लावलाय. आमचे बारा जण झालेत, गाडीत अजून चार जागा आहेत. यायचं असेल त्यांनी खाली लिहा.