पहिल्या तासाचा कागद

उन्हाळ्यात नागपूरला होतो. धरमपेठेत बहिणीच्या घरी कूलरसमोर बसलो असताना भाचीनं मोबाईल पुढे केला. ती एका कॉलेजात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवते. स्क्रीनवर विद्यापीठाची पीडीएफ होती. युनिट एक, युनिट दोन, गुणविभागणी आणि खाली संदर्भग्रंथांची यादी, सगळी इंग्रजी. "मामा, पहिल्या दिवशी हेच वाचून दाखवा लागते. वाचता वाचताच मागचे दोन बेंच गुपचूप होऊन जाते. काहून, ते समजते मला. पण करू काय?"

मलाही समजलं, कारण त्या बेंचवर मी बसलेलो आहे. काटोलच्या मराठी शाळेतून नागपूरच्या कॉलेजात आलो, तेव्हा पहिल्याच तासाला सरांनी पुस्तकांची नावं वाचली आणि सांगितलं, ज्यांना इंग्रजी झेपत नाही त्यांनी आजच विषय बदलून घ्यावा. मग एकेकाला उभं करून आडनाव आणि बारावीची टक्केवारी विचारली. माझ्या शेजारी अहेरीचा मुलगा होता, रात्रभर एसटीनं आलेला. पुढच्या आठवड्यात तो दिसला नाही. कुठे गेला, कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही, आणि ते मला आजही टोचतं.

आता मी टेक्सासमध्ये, ह्यूस्टनला एका सरकारी विद्यापीठात शिकवतो. इथे सिलॅबस, म्हणजे विषय, वेळा आणि वर्गाचे नियम सांगणारा कागद, शिक्षकानंच लिहायचा असतो. २००९ च्या राज्य कायद्यानुसार पदवीच्या वर्गांचे सिलॅबस विद्यापीठाच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुले ठेवावे लागतात, तेही मुख्य पानापासून तीन क्लिकच्या आत. म्हणजे विद्यार्थी मला भेटण्याआधी माझा कागद वाचतो. माझा पहिला कागद नुसत्या धमक्यांनी भरलेला होता: उशिरा आलेलं काम घेतलं जाणार नाही, फोन दिसला तर गुण कापले जातील. 'ऑफिस अवर्स'ला, म्हणजे विद्यार्थ्यांना भेटण्यासाठी ठेवलेल्या वेळेला, कुणी फिरकत नसे. एक मुलगी, तिच्या घरातून कॉलेजात आलेली पहिलीच, मला वर्षअखेरीस म्हणाली की ऑफिस अवर्स म्हणजे सरांची एकट्यानं काम करायची वेळ, तेव्हा दार वाजवायचं नाही, असं तिला वाटत होतं. मी ते वाक्य बदललं. 'मंगळवारी दोन ते चार मी तुमच्यासाठीच बसलेला असतो. प्रश्न नीट मांडता येत नसला तरी या.' हळूहळू मुलं यायला लागली.

इथलं सगळं उचलावं असं मात्र मी म्हणणार नाही. माझा सिलॅबस आता चौदा पानांचा आहे आणि त्यातली निम्मी पानं वकिली भाषेची. 'या वर्गात सर्वांचं स्वागत आहे' हा परिच्छेद वरून आलेला, जसाच्या तसा चिकटवलेला असेल, तर मुलांना तो बरोबर ओळखू येतो. शिवाय २०२३ च्या कायद्यानं इथल्या सरकारी विद्यापीठांतली विविधता आणि समावेशाची कार्यालयं बंद केली. वर्गातलं शिकवणं त्यातून वगळलेलं आहे, तरी शिक्षक शब्द तोलून वापरू लागले आहेत. आणि एका बाबतीत नागपूर पुढे आहे: विद्यापीठाच्या परीक्षेत उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला आडनाव दिसत नाही, क्रमांक दिसतो. मी इथे नाव वाचून गुण देतो. फक्त आपल्याकडे हे आडनावावरचं झाकण इंटर्नलच्या गुणांना नाही, आणि नव्या शैक्षणिक धोरणानंतर तर वर्षभराच्या अंतर्गत मूल्यमापनावरच जास्त भर आहे.

आपल्याकडे वाद होतो तो अभ्यासक्रमात काय घातलं यावर. २०१९ मध्ये नागपूर विद्यापीठानं बी.ए. इतिहासाच्या दुसऱ्या वर्षात राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचा इतिहास घेतला, तेव्हा केवढं रान पेटलं होतं! तो वाद महत्त्वाचाच, व्हायलाच हवा. पण तो कागद ज्याच्या हातात पडतो त्या पोराशी कसा बोलतो, यावर कधी निवेदन दिलेलं मला आठवत नाही.

युनिट अभ्यास मंडळ ठरवतं, भाचीला त्यातला शब्दही हलवता येत नाही, हे खरं. पण उदाहरण तिचं असतं. तिच्या पीडीएफमध्ये 'सामाईक साधनसंपत्ती' होती, म्हणजे सगळ्यांनी मिळून वापरायचं जंगल, पाणी, चराई. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना याच विषयावरच्या कामासाठी २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि त्याच वर्षी गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. ह्यूस्टनच्या वर्गात मी मेंढा नकाशावर दाखवून शिकवतो. भाचीच्या वर्गात धानोऱ्याची मुलगी बसते, आणि पुस्तकातलं उदाहरण मासेमारीचं.

आम्ही दोघांनी त्या संध्याकाळी दोन पानं लिहिली. पीडीएफला हात न लावता, त्या पीडीएफसोबत द्यायची. मराठीत. प्रत्येक युनिटला विदर्भातलं एक उदाहरण. उत्तर मराठीत लिहिलं तर चालतं, हे पहिल्याच ओळीत. नियमात बसणाऱ्या अपंग विद्यार्थ्यांना लेखी परीक्षेत तासामागे किमान वीस मिनिटं जास्त मिळतात आणि लेखनिक घेता येतो, हे स्पष्ट शब्दांत, कारण तिच्या वर्गातल्या एका मुलाला ते दुसऱ्या वर्षापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. १४ ऑक्टोबर आणि दसरा यांच्या आसपास टेस्ट नाही. दीक्षाभूमीला येणारे पाहुणे ज्यांच्या घरी उतरतात ती मुलं त्या दिवसांत कुठे अभ्यास करणार? टेक्सासच्या कायद्यात धार्मिक सणाची गैरहजेरी माफ आहे, आपल्याकडे तारीख नीट निवडली तरी भागतं.

या दोन पानांचा तिला एक पैसा मिळत नाही. तासिकेवरच्या शिक्षकाला घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात, तयारीचे नाही. वर्ग सर्वांना आपला वाटावा असं विद्यापीठाला खरंच वाटत असेल, तर आधी हे बदलायला हवं.

कॉलेज सुरू झाल्यावर तिनं फोटो पाठवला. झेरॉक्सच्या तळाशी निळ्या पेनानं एक ओळ वाढवलेली होती: 'पुस्तक घेणं जमत नसेल तर घेऊ नका. बर्डीच्या बाजारातून जुनी प्रत आणून लायब्ररीत ठेवली आहे, माझं नाव सांगा.'