एआय आणताना स्टोअरमध्ये डोकावू नये

आपण एखाद्या मध्यम आकाराच्या कंपनीचे मालक, कार्यकारी संचालक किंवा किमानपक्षी मालकांचे जावई असाल, तर गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्याला एकदा तरी कोणी विचारले असेल, "मग, तुमच्याकडे एआयचे काय चालले आहे?" लग्नाच्या पंगतीत व्याही विचारतात, कर्जाच्या नूतनीकरणाच्या वेळी बँकेचे मॅनेजर विचारतात, आणि आपला धंद्यातला प्रतिस्पर्धी तर मुद्दाम चारचौघांत विचारतो. 'अजून काही नाही' हे उत्तर खरे असले तरी आपल्या पदाला ते शोभत नाही. तेव्हा एआय आणलेच पाहिजे. ते कशासाठी आणायचे, हा प्रश्न मात्र आणून झाल्यावर चर्चेला घ्यावा. आधी घेतल्यास पुष्कळदा ते आणण्याचे कारणच उरत नाही, आणि मग पंगतीत काय सांगायचे, हा पेच पुन्हा उभा राहतो.

पहिले काम घोषणेचे. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेतल्या 'लाँग आयलंड आइस्ड टी' या थंड चहा विकणाऱ्या कंपनीने आपले नाव बदलून 'लाँग ब्लॉकचेन' असे ठेवले. ब्लॉकचेन हे बिटकॉइनमागचे, तेव्हा गाजत असलेले तंत्रज्ञान. चहा तोच होता, बाटली तीच होती, पण शेअरचा भाव एका दिवसात दुपटीहून अधिक वाढला. पुढच्या वर्षी नॅस्डॅक या अमेरिकी शेअर बाजाराने त्या कंपनीला आपल्या यादीतून काढून टाकले, परंतु आपण दूरदृष्टीची माणसे असल्याने इतक्या पुढचे पाहू नये. पाटीवर 'एआय' ही दोन अक्षरे चढली की परिवर्तनाचा अर्धा भाग पार पडला असे समजावे. उरलेल्या अर्ध्यासाठी एखादा मुख्य एआय अधिकारी नेमावा. तो घरातलाच असला, तर उत्तम.

आता मुख्य सूचना. काहीही झाले तरी स्टोअरमध्ये, म्हणजे कारखान्याच्या मालाच्या कोठारात, जाऊ नये.

ही सूचना मी अनुभवाने देत आहे. भोसरीच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षे खरेदी विभाग सांभाळला. तिथे एम ८ चा, २५ मिलिमीटर लांबीचा एक साधा बोल्ट होता. रॅकवर त्याची पेटी एकच होती, पण संगणकात त्याच्या नावाच्या तीन नोंदी होत्या: 'बोल्ट एम ८ × २५', 'एम ८ हेक्स बोल्ट' आणि 'बोल्ट छोटा (रोजचा)'. तिसरी नोंद कुठल्याशा ३१ मार्चच्या रात्री, ऑडिटर दारात उभे असताना कोणीतरी केली होती, आणि ती पुसण्याचा अधिकार कोणाला आहे हे पुढे कधी ठरलेच नाही. खरेदीची बिले दुसऱ्या नावाने चढत, लाइनवर दिलेला माल पहिल्या नावाने उतरत असे. त्यामुळे पहिल्या नावाचा साठा कायम उणे असे आणि दुसऱ्या नावाचा साठा महिन्यागणिक फुगत जाई. यात कोणाचे काही अडत नव्हते, कारण स्टोअरमधले काका, निवृत्तीला दोन वर्षे उरलेले, पेटीत हात घालून वजनाचा अंदाज घेत आणि आपल्या लांबट लाल वहीत पेन्सिलीने आकडा लिहीत. एका पुरवठादाराच्या नावापुढे त्या वहीत लिहिले होते, '५०० ची पेटी, ४८० धरणे.'

एआयची प्रणाली आली, तेव्हा बसवणाऱ्या मुलांनी आधी डेटा 'स्वच्छ' केला. उणे साठा ही साहजिकच चूक असणार, म्हणून सगळे उणे आकडे शून्य करण्यात आले. मग प्रणालीने पाच वर्षांच्या नोंदी अभ्यासल्या आणि अतिशय तर्कशुद्ध निष्कर्ष काढला: 'एम ८ हेक्स बोल्ट' हा माल सतत खरेदी होतो पण कधीच वापरला जात नाही, तो पडून राहिलेला साठा आहे, सबब त्याची खरेदी तत्काळ थांबवावी. 'बोल्ट एम ८ × २५' मात्र भरपूर लागतो, पण तो कोणाकडूनही कधी विकत घेतलेला नाही, म्हणजे पुरवठादारच नाही. तेव्हा ऑर्डर द्यायची कोणाला? प्रणाली चुकली असे मी म्हणणार नाही. तिला जे कागद दिले, ते तिने आमच्यातल्या कोणाहीपेक्षा नीट वाचले होते. तिसऱ्या आठवड्यात दुसरी पाळी बोल्टविना बसून राहिली, आणि त्याच संध्याकाळी संचालकांच्या पडद्यावरचा आलेख 'साठ्यातील गुंतवणुकीत लक्षणीय बचत' असे हिरव्या रंगात दाखवत होता.

संचालक त्या दिवशी स्टोअरमध्ये गेले असते, तर त्यांना वही दिसली असती. वही दिसली असती, तर आधी तीन नावांचे एक नाव करा, पेटीतला माल मोजून घ्या, बिल आणि चलन एकाच नोंदीवर आणा, असली कामे निघाली असती. त्या कामांना सहा महिने लागतात, त्यांचे उद्घाटन होत नाही, आणि ती झाल्यावर निम्म्या गोष्टींना साध्या एक्सेलचीही गरज उरत नाही, हे उघडकीस येण्याचा धोका असतो. म्हणून म्हणतो, केबिन सोडू नये.

कोणी आगाऊ सल्लागार आपल्याला विजेच्या मोटरची गोष्ट सांगेल. अमेरिकेतल्या कारखान्यांत वीज आली, तेव्हा पुष्कळ मालकांनी वाफेचे इंजिन काढून त्याच जागी एक मोठी मोटर ठेवली, आणि छताखालचा लांबलचक दांडा, त्यावरचे पट्टे, त्या पट्ट्यांच्या सोयीने दाटीवाटीने लावलेली यंत्रे, सारे तसेच ठेवले. उत्पादकतेत फारसा फरक पडला नाही. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर मिळून यंत्रांची मांडणी कामाच्या क्रमाने बदलली, तेव्हा कुठे, म्हणजे १९२० च्या दशकात, खरा लाभ दिसला. पॉल डेव्हिड या अर्थशास्त्रज्ञाने १९९० मध्ये संगणकाच्या संदर्भात ही गोष्ट सविस्तर मांडली होती. अशा सल्लागाराला चहा पाजून निरोप द्यावा. मांडणी बदलायची म्हणजे खातेप्रमुखांचे अधिकार बदलायचे, आणि त्यातले दोघे आपले मेहुणे असतात.

त्याऐवजी मोठ्या नावाचा सल्लागार घ्यावा, जो जाडजूड अहवाल देतो. अहवाल वाचू मात्र नये. ऑस्ट्रेलियाच्या सरकारने डेलॉइट या बड्या सल्लागार कंपनीकडून सुमारे ४ लाख ४० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरना एक अहवाल करून घेतला होता. तो तयार करताना एआय वापरले होते. त्यात अस्तित्वातच नसलेले संदर्भ आणि न्यायालयाच्या निकालातले एक बनावट अवतरण निघाले, आणि २०२५ मध्ये कंपनीला काही रक्कम परत करावी लागली. हे सगळे का घडले, तर कोणीतरी तो अहवाल तळटीपांसह वाचत बसले. भाषेची ही यंत्रे पुढचा संभाव्य शब्द कोणता, याचा अंदाज बांधत वाक्य रचतात. वाक्य सुबक असणे आणि खरे असणे या त्यांच्या दृष्टीने वेगळ्या गोष्टी नाहीत. आपल्या वार्षिक सभेतल्या भाषणाबाबतही हा भेद आजवर कोणी केलेला नाही, तेव्हा यात बिचकण्यासारखे काही नाही.

ग्राहकांच्या तक्रारींसाठी चॅटबॉट बसवावाच. त्याने भलतेच आश्वासन दिले, तर काय करायचे, याचा धडा एअर कॅनडाने घालून दिला आहे. आजी वारलेल्या एका प्रवाशाला त्यांच्या चॅटबॉटने नातलगाच्या मृत्यूप्रसंगी मिळणाऱ्या तिकीट-सवलतीचा चुकीचा नियम सांगितला. प्रकरण ब्रिटिश कोलंबियातल्या लवादापुढे गेले, तेव्हा चॅटबॉट आपल्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे, अशा आशयाची भूमिका कंपनीने घेतली. फेब्रुवारी २०२४ मध्ये लवादाने ती फेटाळली आणि सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर द्यायला लावले. निकाल विरोधात गेला तरी कल्पना वाया जाऊ देऊ नये. चुकीची जबाबदारी घेणारा आणि पगार न मागणारा कर्मचारी आपल्या उद्योगविश्वाने किती पिढ्या शोधला आहे!

मोजमापाविषयी थोडक्यात सांगतो. रिजेक्शन किती घटले, माल किती दिवस लवकर निघाला, हे मोजू नये, कारण त्याचे मागच्या वर्षीचे आकडे कोणाकडे तरी असतात. किती जणांनी लॉगिन केले, एवढेच मोजावे. मागच्या वर्षी ते शून्य होते.

शेवटचा विषय नाजूक आहे, तो माणसांचा. क्लार्ना या स्वीडिश कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केले की त्यांचा एआय सहायक ७०० पूर्णवेळ कर्मचाऱ्यांइतके काम करतो, आणि पहिल्याच महिन्यात त्याने २३ लाख संभाषणे हाताळली. मे २०२५ मध्ये त्याच कंपनीच्या प्रमुखांनी कबूल केले की खर्चावरच भर दिल्याने दर्जा घसरला, आणि ग्राहकसेवेसाठी पुन्हा माणसे घेणे सुरू केले. यातून शिकण्यासारखे एवढेच की पहिली घोषणा मोठ्या आवाजात करावी आणि दुसरी करूच नये.

आमच्या कारखान्यात ही शिकवण तंतोतंत पाळली गेली. काकांना निवृत्तीच्या दोन वर्षे आधीच निरोप दिला होता. शाल आणि श्रीफळ देताना संचालकांनी 'डिजिटल युगात' हा शब्दप्रयोग तीनदा केला. दुसरी पाळी बसून राहिली त्याच्या चौथ्या दिवशी काकांना फोन गेला. आपल्यावर ही वेळ आली, तर परत बोलावले असे म्हणू नये, 'ह्यूमन इन द लूप', म्हणजे यंत्राच्या कामावर माणसाची नजर, ही व्यवस्था लागू केली असे म्हणावे. काका वही घेऊन येतील, ती मागू नये, ते देणार नाहीत. त्यांनी रोजाचा दर पूर्वीच्या पगाराच्या दीडपट सांगितला, तर घासाघीस न करता मान्य करावा, आणि दर महिन्याचे त्यांचे बिल 'क्लाउड सेवा' या खात्यावर टाकावे.