फौज कमी असली की टेकडीवर जाऊन थांबायचं नसतं

टोटल वॉर या कॉम्प्युटर गेम मालिकेतला ‘रोम’ खेळणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. कुणी नव्याने विचारतं, ‘माझी नऊ युनिटं (तुकड्या) आहेत, समोरून पंधरा येतायत, काय करू?’ आणि उत्तर तयारच असतं. शत्रू दुपटीच्या आसपास असेल तर लढाई हरल्यातच जमा, ऑटो-रिझॉल्व्ह दाबून (म्हणजे निकाल कॉम्प्युटरच्या हिशोबावर सोडून) मोकळे व्हा. लढायचंच असेल तर टेकडी नाहीतर मॅपचा कोपरा गाठा आणि तिथून हलू नका. फळी शत्रूच्या फळीइतकी लांब ताणा, राखीव तुकडी तुम्हाला परवडणार नाही. घोडदळाने आधी शत्रूचं घोडदळ पिटाळा आणि पाठलाग करून पुरतं संपवा. सेनापतीला लढाईपासून लांब ठेवा.

२००४ सालचा पहिला ‘रोम’ मी आजही खेळतो, २०१३ सालच्या दुसऱ्या भागातही भरपूर रात्री घालवल्यात. हा सल्ला मला जवळजवळ प्रत्येक ओळीत चुकीचा वाटतो. त्याहून वाईट म्हणजे, या खेळातल्या सर्वांत सुंदर लढाया नवखे खेळाडू त्याच्यापायी न लढताच सोडून देतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘दुपटीला हरलोच.’ वर दिसणारा आकडा सगळ्या फौजेचा असतो, पण लढतात फक्त एकमेकांना भिडलेली माणसं. मागे उभं असलेलं युनिट त्या क्षणी कुणालाच मारत नसतं. शिवाय या खेळात युनिट शेवटच्या माणसापर्यंत लढत नाही, त्याचं मोराल (लढण्याची हिंमत) मोडतं. समोर भाले रोखलेले, बगलेवर मार बसतोय, तेवढ्यात पाठीवर घोडे आले, की निम्म्याहून जास्त माणसं धडधाकट असतानाही युनिट पाठ फिरवतं. ते पळताना पाहून शेजारचं डगमगतं. कमी फौजेने सगळ्यांना मारायचं नसतंच. कुठल्या जागी मोडलं तर बाकीचे आपोआप हलतील, ती जागा शोधायची आणि तिथे, तेवढ्यापुरतं, आपण जास्त व्हायचं.

इ.स.पू. ३७१ मध्ये ल्यूक्ट्राच्या लढाईत थीब्स या ग्रीक नगराच्या एपामिनोंडास या सेनापतीने नेमकं हेच केलं. थीब्सची फौज स्पार्टा आणि तिच्या मित्रांपेक्षा कमी होती. स्पार्टाचे लोक फार तर १२ ढाली खोल उभे होते. एपामिनोंडासने आपली डावी बाजू ५० ढाली खोल केली, तीही जिथे स्पार्टाचा राजा आणि त्याचे खासे स्पार्टन उभे होते त्यांच्याच समोर. उजवी बाजू मुद्दाम मागे ठेवली, तिला भिडूच दिलं नाही. राजा क्लिओम्ब्रोटस पडला, हजर असलेल्या ७०० स्पार्टन नागरिकांपैकी सुमारे ४०० मेले आणि बाकीच्या मित्रसैन्याला लढायचं कारणच उरलं नाही. एकूण आकड्यात थीब्स कमी होतं, पण निर्णय जिथे लागला तिथे नव्हतं.

कान्नीला कार्थेजच्या हॅनिबलने रोमन फौज बुडवली ही गोष्ट सगळे सांगतात, पण अर्धीच. पॉलिबियसच्या आकड्यांनुसार इ.स.पू. २१६ मध्ये हॅनिबलकडे ४०,००० पायदळ आणि रोमकडे सुमारे ८०,०००. घोडदळात मात्र हॅनिबल १०,००० आणि रोम ६,०००च्या थोडंसं वर. कमजोर फौज सगळ्याच बाबतींत कमजोर असते असं नाही. लढाईआधीच्या स्क्रीनवर एकूण आकडा बघून हातपाय गाळण्याऐवजी मी आधी हे बघतो: माझ्याकडे यांच्याहून बरं काय आहे? लांब भाले? भालाफेके? जड घोडे? एखादी तरी गोष्ट निघतेच. खरंच काही नसेल, तर माघार घेऊन दुसऱ्या दिवशी लढण्याची मुभा कॅम्पेन (नकाशावरची लांबलचक मोहीम) देतं. ऑटो-रिझॉल्व्ह दाबण्यापेक्षा ते केव्हाही बरं. त्या हिशोबात तुम्ही झाडीत काय लपवणार होता हे कुठेच धरलेलं नसतं.

आता टेकडी. उताराचा फायदा खरा आहे. वरून मारलेले बाण लांब जातात, वर चढून आलेला शत्रू दमलेला असतो. पूल अडवणं तर मीही करतो, कारण तिथे शत्रूला रुंदीच मिळत नाही. माझा आक्षेप ‘हलू नका’ या दोन शब्दांना आहे. किनोस्केफालीला इ.स.पू. १९७ मध्ये मॅसिडोनियाचा पाचवा फिलिप उंचावर होता. त्याच्या उजव्या फॅलँक्सने उतारावरून रोमन डावी बाजू सरळ मागे रेटली. तोवर त्याची डावी बाजू खडबडीत जमिनीवर अजून ओळीच लावत होती, आणि ती रोमन हत्तींपुढे मोडली. मग एका ट्रिब्यूनने (रोमन अधिकाऱ्याने), ज्याचं नावही इतिहासाने जपलं नाही, २० मॅनिपल (छोट्या रोमन तुकड्या) वळवून जिंकत चाललेल्या उजव्या फॅलँक्सच्या पाठीवर घातले. लांब भाल्यांची ती फळी मागे वळूच शकली नाही. मॅसिडोनियाचे सुमारे ८,००० मेले, ५,००० कैद झाले. खेळातही फॅलँक्स वळवून बघा. भाले वर होतात, ओळ विस्कटते, पुन्हा जमेपर्यंत पाठीवर घाव पडलेले असतात.

मूठभर ग्रीकांनी प्रचंड इराणी फौज खिंडीत अडवली त्या थर्मोपिलीचा दाखला देणाऱ्यांनी तिसरा दिवसही लक्षात घ्यावा. खिंड दोन दिवस टिकली. डोंगरातली वाट शत्रूला कळली आणि खिंडीचाच सापळा झाला.

कोपऱ्याचा सल्ला तर मला टेकडीपेक्षाही वाईट वाटतो. बगल झाकली जाते हे कबूल. पण मॅपच्या कडेला पाठ लावून उभं असलेलं युनिट डगमगलं की चार पावलांत मॅपबाहेर जातं, आणि बाहेर गेलेलं त्या लढाईत परत येत नाही. मोकळ्या मैदानात तेच युनिट शे-दीडशे पावलं पळून सावरतं आणि सेनापती जवळ असेल तर पुन्हा उभं राहतं. फौज कमी असताना सावरलेलं एक युनिट म्हणजे निम्मी लढाई.

शिवाय नुसतं उभं राहण्याने माणसं थंड पडतात, हे खुद्द सीझरने लिहून ठेवलंय. इ.स.पू. ४८ मध्ये फार्सेलसला त्याचा रोमन प्रतिस्पर्धी पॉम्पी याने आपल्या ४५,००० लोकांना जागेवर थांबून हल्ला झेलायला सांगितलं. सीझरचे २२,००० धावत निघाले, समोरची फळी हलत नाही हे त्यांनी पाहिलं आणि कुणी न सांगता अर्ध्या वाटेत थांबून दम घेतला. मग पुन्हा धावले. पॉम्पीचा हिशोब होता की हे लोक दमून पोचतील, आणि तो तिथेच चुकला. धावताना माणसाच्या अंगात जो आवेश चढतो तो दाबायचा नसतो, वाढवायचा असतो, असं सीझरचं म्हणणं. खेळात हा आवेश चार्ज बोनसच्या (धावत हल्ल्यासाठी मिळणाऱ्या जादा बळाच्या) रूपाने दिसतो. शत्रू दहा पावलांवर आला की उभ्या फळीला चार्ज द्या. भाले रोखलेला फॅलँक्स असेल तर मात्र देऊ नका, तिथे उभं राहणंच बरोबर.

बाणांचं थोडं वेगळं आहे. कार्हीला इ.स.पू. ५३ मध्ये रोमन सेनापती क्रॅससची माणसं चौकोन करून उभी राहिली, पार्थियन घोडेस्वार तिरंदाजांचे बाण कधीतरी संपतील या आशेवर. बाण लादलेले उंट मागे उभे होते, ते संपलेच नाहीत. खेळात भाते खरोखर रिकामे होतात, म्हणून मोठ्या ढालींचं पायदळ असेल तर ही आशा धरता येते. उघड्या अंगाच्या भालाईतांनी ती धरू नये.

राखीव तुकडीचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. ‘तुमची माणसं कमी, म्हणून सगळी फळीत लावा’ हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण नऊ युनिटं पंधरांइतकी लांब ताणली की प्रत्येक जागा पातळ होते, आणि कुठेही एक भोक पडलं की ते बुजवायला कुणी नसतं. त्याच फार्सेलसला सीझरकडे १,००० स्वार होते आणि पॉम्पीकडे ७,०००. माणसं कमी असूनही सीझरने तिसऱ्या फळीतून काही कोहॉर्ट (रोमन पायदळाच्या तुकड्या) काढले आणि आपल्या उजव्या बाजूला, घोडदळाच्या मागे, चौथी फळी उभी केली. पॉम्पीचे स्वार सीझरचं घोडदळ मागे रेटत आले, आणि ही फळी त्यांच्यावर तुटून पडली. स्वार पळाले, त्यांच्या आधाराने उभे असलेले तिरंदाज आणि गोफणवाले कापले गेले, आणि त्याच कोहॉर्टनी पॉम्पीच्या डाव्या बाजूला मागून गाठलं. पूर्ण तिसरी फळीही सीझरने तोपर्यंत हातात राखली होती. निम्म्या फौजेचा माणूस दोन-दोन राखीव ठेवून लढला.

माझी एक लढाई सांगतो, कारण हे पडद्यावर कसं दिसतं ते कळायला हवं. ग्रीक सिटीज हा गट घेऊन खेळत होतो. थर्मनच्या वाटेवर ब्रुटींची (खेळातल्या एका रोमन घराण्याची) फौज अंगावर आली, पंधरा युनिटं, बहुतेक हस्ताती (रोमन पायदळ). माझे पाच हॉप्लाइट (भालेवाले), दोन पेल्टास्ट (भालाफेके), एक ग्रीक घोडदळ आणि सेनापती. डावीकडे झाडी होती. तीन हॉप्लाइट झाडीला लागून पुढे लावले. उरलेले दोन उजवीकडे, बरेच मागे, पायऱ्यांसारखे. पेल्टास्ट झाडीत लपवले. घोडे आणि सेनापती फळीच्या मागे.

शत्रूची उजवी बाजू आधी भिडली. त्यांची डावी बाजू माझ्या मागे ठेवलेल्या दोन युनिटांकडे चालतच राहिली, आणि त्या चालण्यात लढाई ठरली. दोन हस्ताती भाल्यांवर अडकले. झाडी त्यांच्या उजव्या हाताला, म्हणजे ढाल नसलेल्या बाजूला होती. पेल्टास्टची पहिली फेक तिथे पडली. पॉज करून मी कर्सर कडेच्या हस्तातीवर नेला: ‘शेकन’ (हादरलेला). दुसरी फेक. ‘वेव्हरिंग’ (डगमगलेला). मग झाडीच्या कडेने वळसा घालून सेनापती त्यांच्या पाठीवर. निशाण पांढरं झालं, माणसं ढाली टाकून निघाली, आणि ती पळत गेली ती मागे रांगेत थांबलेल्या आपल्याच हस्तातीमधून. शेजारचं युनिट काही क्षणांत तसंच. भोक बुजवायला त्यांचा सेनापती स्वतः घोड्यांसकट आला आणि समोरून भाल्यांवर चढला. तो पडल्यावर उरलेल्यांचं मोराल कोसळलं. पंधरापैकी पाच युनिटांनी माझ्या एकाही माणसाला हात लावला नव्हता, तीही पळाली. ताणलेल्या फळीने यातलं काहीही झालं नसतं.

हे दर वेळी असं जमत नाही. लढाईची डिफिकल्टी ‘व्हेरी हार्ड’वर असेल तर शत्रूला लढण्यात जादा बळ मिळतं, भाल्यांवर अडकलेली युनिटं जास्त वेळ टिकतात आणि उजवीकडच्या दोघांना तेवढा वेळ काढता येत नाही. तिथे मी ती बाजू अजून मागे नेतो, गरज पडली तर हळूहळू आणखी मागे घेतो, पण डावीकडची जाड बाजू पातळ करत नाही.

घोडदळाने पाठलाग करून संपवा, या सल्ल्याचं उत्तर सेल्युसिड राजा तिसऱ्या अँटिओकसने दोनदा दिलं आहे. इ.स.पू. २१७ मध्ये राफियाला त्याने उजव्या बाजूने इजिप्तचा राजा टॉलेमी याची डावी बाजू उधळली आणि तिच्या मागे धावत सुटला. इकडे टॉलेमी आपल्या फॅलँक्समध्ये येऊन सगळ्यांना दिसेल असा उभा राहिला, फॅलँक्सला हुरूप आला आणि तो पुढे घुसला. अँटिओकसच्या सोबतच्या एका वयस्क माणसाने त्याला धूळ दाखवली: फॅलँक्सकडून उठलेली धूळ त्यांच्याच छावणीच्या दिशेने सरकत होती. तोवर उशीर झाला होता. सत्तावीस वर्षांनी मॅग्नेशियाला तो पुन्हा उजवीकडे जिंकला, पुन्हा पाठलाग करत रोमन छावणीपर्यंत गेला, आणि मागे त्याची फौज मोडली. याउलट कान्नीला हॅनिबलच्या हसद्रुबल या सरदाराने रोमन स्वार उधळले, पलीकडच्या बाजूला जाऊन तिथलेही उधळायला मदत केली, पाठलाग न्यूमिडियनांवर (हॅनिबलच्या हलक्या आफ्रिकी स्वारांवर) सोडला आणि स्वतः रोमन पायदळाच्या पाठीवर वळला. पळणारं युनिट दिसलं की त्याच्यावर क्लिक करावंसं वाटतं, तो मोह मलाही होतो. एकच हलकं युनिट मागे सोडा, बाकीचे घोडे परत आणा. नाहीतर पडद्याच्या कडेला तुम्ही जिंकत असता आणि मध्यावर तुमची फळी संपत असते.

सेनापतीबद्दल थोडक्यात. ‘रोम’मध्ये त्याचे अंगरक्षक म्हणजे छोट्या फौजेतलं बहुतेक वेळा सर्वांत जड घोडदळ, आणि पडलेले अंगरक्षक पुढच्या टर्न्समध्ये भरूनही निघतात. त्यांना लांब उभं करणं म्हणजे आधीच कमी असलेली फौज आणखी कमी करणं. पण भीतीलाही कारण आहे: इ.स.पू. ४०१ मध्ये कुनाक्साला इराणी राजपुत्र धाकटा सायरस थोड्याशा स्वारांनिशी थेट आपल्या भावावर, राजावर, चालून गेला आणि मारला गेला. त्याचे ग्रीक भाडोत्री त्यांच्या बाजूला जिंकत होते, पण ज्याच्यासाठी जिंकायचं तोच उरला नाही. सायरस पुढे गेला ही चूक नव्हती, मोकळ्या आणि ताज्या शत्रूवर समोरून गेला ही होती. थर्मनच्या लढाईत माझ्या सेनापतीने दोनच चार्ज केले. दोन्ही वेळा समोरचं युनिट आधीच भाल्यांवर अडकलेलं आणि पाठमोरं होतं, आणि दोन्ही वेळा दहा मोजायच्या आत मी त्याला बाहेर काढून फळीच्या मागे आणलं.