आठ वाजताची बादली

माझी कोथिंबीर गेली. परवा पहाटे, म्हणजे घड्याळ पहाट म्हणत होतं तेव्हा, एका रेनडिअरने ती आमच्या पायरीशी उभं राहून बुडासकट खाल्ली. राग अजून उतरलेला नाही, तेव्हा पुढे तोल गेला तर सांभाळून घ्या.

गाव हामरफेस्ट. नॉर्वेचं पार वरचं टोक, एक बंदर, मागे उघडाबोडका डोंगर आणि समोरच्या बेटावर गॅसचा प्रकल्प, जिथे नवरा पाळ्या करतो. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत इथे सूर्य मावळत नाही. ऐकायला छान वाटतं, कोथिंबिरीला विचारा. रात्रच होत नाही म्हटल्यावर तिला वाटतं आपलं आयुष्य सरत आलं, आणि वीतभर व्हायच्या आत ती फुलावर येते. म्हणून मी रोज संध्याकाळी आठला कुंड्यांवर बादल्या पालथ्या घालायचे आणि सकाळी आठला काढायचे. सहा आठवडे! 1891 मध्ये ह्याच गावाने अंधाराला वैतागून रस्त्यावर विजेचे दिवे लावले, त्याचा इथे अजून अभिमान आहे. आणि मी बादलीने अंधार पुरवत होते.

परवा दार उघडलं तर एक बादली रस्त्यात, एक कुंडी आडवी, आणि शेजारचे आजोबा कॉफीचा मग घेऊन आपल्या उघड्या खिडकीत. (इथे लहानथोर सगळेच अरे-तुरे करतात, पण ऐंशी पार केलेल्या माणसाला मराठीत ‘अरे’ म्हणायला माझी जीभ धजत नाही.)

“तुम्ही पाहिलंत?”

आजोबांनी श्वास आत ओढत “या”, म्हणजे ‘हो’, म्हटलं. इकडे होकार असा आत घेतात. पहिल्या महिन्यात मला वाटलं होतं ह्यांना दम लागतोय, मी धावत जाऊन पाणी आणलं होतं. ते त्यांनी निमूट प्यायलंही होतं.

“चार वाजून दहा मिनिटांनी आला,” ते म्हणाले. “नाकाने बादली ढकलली. दुसऱ्या खेपेला पडली. मग डावीकडची कुंडी. ती आवडली. उजवीकडचीही आवडली. मधल्या कुंडीला एकदाच तोंड लावलं आणि शिंकला.”

मधली मिरची होती. थंडीने महिनाभर चार पानांवर अडून बसलेली.

“किती वेळ चाललं हे?”

“वीस मिनिटं. घाईत नव्हता.”

“मग हाकललं का नाहीत?”

प्रश्नच त्यांना कळेना. “तो कुणाचा तरी आहे ना. कानाला खूण असते.”

खरं आहे. हे कळप सामी लोकांचे, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांचे. हिवाळा आतल्या पठारावर काढून उन्हाळ्यात आमचं गाव ज्या बेटावर आहे तिथे चरायला येतात, आणि कानावरच्या कापांवरून मालक ओळखू येतो.

“आणि कोथिंबीर कुणाचीच नव्हती?”

त्यांनी विचार केला. प्रामाणिकपणे केला. “तिला खूण नव्हती.”

रेनडिअर शिरू नयेत म्हणून गावाभोवती कुंपणसुद्धा घातलेलं आहे. त्याबद्दल न बोललेलं बरं. गावाचा तोरा मात्र मोठा: आम्ही 1789 पासून शहर! आणखी उत्तरेच्या होनिंग्सवोगने 1996 मध्ये स्वतःला शहर जाहीर केलं, आणि पुढच्याच वर्षी किमान पाच हजार वस्तीचा कायदा आला. त्यांची वस्ती जेमतेम निम्मी. तेव्हापासून सगळ्यात उत्तरेचं शहर कुठलं, ह्यावर हमरीतुमरी चालू आहे. माझ्या मते जिथे कोथिंबिरीची जुडी मिळत नाही त्याने स्वतःला शहर म्हणवून घेऊ नये, म्हणजे दोघंही बाद. दुकानात प्लास्टिकच्या कुंडीत सहा काड्या मिळतात, त्यांना ओल्या कागदाचा वास येतो. किंमत सांगत नाही, आई वाचते. सांगलीला आमची भाजीवाली मिरच्यांवर मूठभर कोथिंबीर फुकट टाकायची आणि आम्ही वर “अजून थोडी घाला की मावशी” म्हणायचो. त्या मुठीची आठवण आली की पोह्यांवर वाळवलेली पार्सली भुरभुरताना मला अक्षरशः रडू येतं. लोकांना वाटतं कांद्याने.

“सहा आठवडे मला बादल्या घालताना बघत होतात,” मी आजोबांना म्हटलं, “एकदाही विचारलं नाहीत?”

“आम्हाला वाटलं काहीतरी धार्मिक असेल.”

आम्हाला! म्हणजे गल्लीभर चर्चा झालेली होती.

काल संध्याकाळी बेल वाजली. आजोबा. हातात रस्त्यात गेलेली माझी बादली, स्वच्छ धुतलेली.

“आठ वाजले,” ते म्हणाले, आणि उभेच राहिले.

मी बादली घेतली आणि मिरचीवर पालथी घातली. मिरचीला तिचा काडीचा उपयोग नाही. पण ते बघत होते. घातल्यावर त्यांनी श्वास आत ओढला, आणि घरी गेले.