‘काहीही आढळले नाही’ या वाक्याविषयी : एका आक्षेपाला उत्तर

सुपरनोव्हा अवशेषांतील, म्हणजे ताऱ्याच्या स्फोटानंतर उरलेल्या ढगांतील, एकाकी न्यूट्रॉन ताऱ्यांवरील (स्फोटानंतर मागे राहिलेल्या अतिघन गाभ्यांवरील) माझ्या लेखावर आपण घेतलेले आक्षेप मी काळजीपूर्वक वाचले. अवशेषाच्या मध्यभागी क्ष-किरणांचा ठिपका दिसला की तोच न्यूट्रॉन तारा हे उघड असते, मग दृश्य आणि अवरक्त प्रकाशात त्याचे प्रतिरूप (त्याच जागी दिसणारी तीच वस्तू) शोधण्यासाठी मोठ्या दुर्बिणींचा वेळ का घालवावा, आणि हाती काहीच न लागल्यावर लेखकाने ते यशाच्या सुरात का सांगावे, असे आपण विचारले आहे. शिवाय पपिस-ए अवशेषातील ताऱ्याचा मी दिलेला वेग जुना असल्याचेही आपण दाखवले आहे.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तेथे आपलेच बरोबर आहे. सेकंदाला सुमारे 1,600 किलोमीटर हा आकडा 2007 सालच्या मोजणीतला आहे. 2012 साली अधिक वर्षांच्या अंतराने घेतलेल्या प्रतिमांवरून तो सुमारे 670 वर आला. मात्र याच मोजणीत आपल्या पहिल्या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग आहे. त्या ठिपक्याचे सरकणे ज्यांच्या तुलनेत मोजले, ते त्याच प्रतिमेतले क्ष-किरण देणारे साधे तारे होते आणि त्यांची अचूक स्थाने दृश्य प्रकाशातील निरीक्षणांवरून ठाऊक होती. हा न्यूट्रॉन तारा अवशेषाच्या केंद्रापासून बराच दूर गेलेला आहे, म्हणजे ‘मध्यभागी आहे’ ही कसोटी त्याला लावली असती तर तो बादच झाला असता.

उलट, मध्यभागी दिसणारा प्रत्येक ठिपका अवशेषाशी संबंधित असतोच असे नाही. त्याच दिशेला अलीकडे एखादा सामान्य तारा असू शकतो किंवा फार पलीकडे एखाद्या दीर्घिकेचे सक्रिय केंद्रक (कृष्णविवरामुळे प्रखर झालेला तिचा मध्यभाग). यांतला भेद क्ष-किरण आणि दृश्य प्रकाश यांच्या गुणोत्तरावरून होतो. सामान्य तारा कितीही सक्रिय असला, तरी त्याच्या एकूण ऊर्जेचा साधारण हजारावा भागच क्ष-किरणांत बाहेर पडतो; सक्रिय केंद्रकात दोन्ही ढोबळमानाने तोलामोलाचे असतात; आणि न्यूट्रॉन ताऱ्यात क्ष-किरण दृश्य प्रकाशाच्या हजार पटींहून अधिक भरतात. हे हजारपट म्हणण्यासाठी त्या जागी दृश्य प्रकाश किती नाही, हे मोजावेच लागते.

कॅसिओपिया-ए या अवशेषामधला ठिपका चंद्रा या क्ष-किरण अवकाश दुर्बिणीच्या 1999 सालच्या पहिल्याच प्रतिमेत दिसला. त्या जागी हबल अवकाश दुर्बिणीला 28व्या दृश्यप्रतीपर्यंत (दृश्यप्रत म्हणजे तेजस्वितेचे माप; आकडा जितका मोठा, तितकी वस्तू अंधुक) काहीही आढळले नाही. खेकडा तेजोमेघ या दुसऱ्या अवशेषातील पल्सार (फिरताना नियमित स्पंद देणारा न्यूट्रॉन तारा) 16.5 दृश्यप्रतीचा आहे. फरक साडेअकरा प्रतींचा, म्हणजे जवळजवळ 40,000 पटींचा. कॅसिओपिया-ए अधिक दूर आहे आणि वाटेत धूळही पुष्कळ आहे. ते सारे वजा केले तरी शंभराहून अधिक पटींचा फरक उरतो. खेकड्यातील पल्सारचा दृश्य प्रकाश त्याच्या चुंबकीय आवरणातल्या वेगवान कणांमुळे निर्माण होतो. तशी प्रक्रिया कॅसिओपिया-ए मध्ये जवळपास थंडावलेली आहे, हे त्या रिकाम्या जागेने सांगितले. अवशेषांतल्या अशा शांत, फक्त क्ष-किरणांत दिसणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांपैकी ज्या तिघांचे स्पंदन सापडले, त्यांची चुंबकीय क्षेत्रेही नेहमीच्या पल्सारपेक्षा दहापटींनी किंवा त्याहून दुबळी निघाली, आणि हे चित्र त्याच्याशी जुळते.

माझ्या मते सर्वांत बोलके उदाहरण आरसीडब्ल्यू 103 या अवशेषाचे आहे. आइन्स्टाइन उपग्रहाने 1980 साली शोधलेल्या तिथल्या क्ष-किरण स्रोताचा आवर्तकाल 6.67 तासांचा निघाला. सेकंदाच्या अंशात फिरणाऱ्या तरुण न्यूट्रॉन ताऱ्यांपुढे हा आकडा इतका विचित्र होता, की ही एखाद्या लहान सोबती ताऱ्याची प्रदक्षिणा असावी, अशी शंका अनेकांनी गांभीर्याने घेतली. तसा सोबती असता तर तो अवरक्त प्रकाशात दिसायला हवा होता; म्हणून त्या गर्दीच्या तारकाक्षेत्रात वर्षानुवर्षे शोध चालला आणि संभाव्य सोबत्याच्या वस्तुमानाची वरची मर्यादा खाली खाली येत गेली. मग जून 2016 मध्ये या स्रोताने मॅग्नेटारसारखा (अतितीव्र चुंबकीय क्षेत्राच्या न्यूट्रॉन ताऱ्यासारखा) क्ष-किरणांचा स्फोट केला. हबल पुन्हा तिकडे वळवली गेली आणि त्या स्थानी एक अंधुक अवरक्त ठिपका मिळाला. तो नवा आहे हे कशावरून कळले? हबलनेच 2002 साली घेतलेल्या प्रतिमेत तो नव्हता म्हणून. तो इतका अंधुक होता की सोबती ताऱ्याची कल्पना तिथेच मागे पडली. आपण ज्याला वाया गेलेला वेळ म्हणता, त्या 2002 सालच्या प्रतिमेवाचून 2016 सालचा ठिपका त्या दाट गर्दीतला आणखी एक तारा म्हणून सहज दुर्लक्षिला गेला असता.

तरीही आपल्या टीकेतला एक भाग मी मनापासून स्वीकारतो. किती अंधुक वस्तूपर्यंत पाहिले हे न सांगता ‘काहीही आढळले नाही’ असे लिहिणे म्हणजे वाचकाला अर्धेच वाक्य देणे होय, आणि मी तेच केले होते. लेखात आता पपिस-ए चा वेग दुरुस्त केला आहे आणि कॅसिओपिया-ए विषयीचे ते वाक्य ‘हबलच्या प्रतिमांत 28व्या दृश्यप्रतीपर्यंत या स्थानी कोणतीही वस्तू आढळली नाही’ असे केले आहे.