रॉसीला होंडाने चॅम्पियन केलं? फिरत्या मेसेजला उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बाइकवाल्या पोरांच्या मोबाइलवर एक मेसेज फिरतो आहे: 'व्हॅलेंटिनो रॉसीला होंडाने चॅम्पियन केलं. तसली गाडी आणि न घाबरणारं काळीज असलं की झालं. ब्रेक न लावता वळण मारणारी आपली चोर्ला घाटातली पोरं काय कमी आहेत?' यातलं एकही वाक्य टिकत नाही, आणि शेवटचं तर जीव घेणारं आहे.

आधी होंडा. रॉसी म्हणजे इटलीचा बाइक-शर्यतपटू; त्याची जागतिक विजेतेपदं नऊ. १९९७ आणि १९९९ची एप्रिलियावर, २००१ ते २००३ची तीन होंडावर, आणि २००४, २००५, २००८, २००९ ही चार यामाहावर. नवातली सहा होंडाशिवाय! २००३च्या मोसमात यामाहाला मोटोजीपीची, म्हणजे बाइक-शर्यतींच्या सगळ्यात वरच्या जागतिक स्पर्धेची, एकही शर्यत जिंकता आली नव्हती. १८ एप्रिल २००४ रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या वेल्कमला रॉसी यामाहावर पहिल्यांदा उतरला आणि होंडावरच्या मॅक्स बियाजीला हरवून जिंकला. त्या वर्षी १६पैकी ९ शर्यती त्याच्या.

मग यामाहाने इंजिन बदललं म्हणून जिंकला? बदललं होतं, हे खरं. पण निवडलं कुणी, ते बघा. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत क्रँकशाफ्ट (पिस्टनची वरखाली हालचाल गोल फिरण्यात बदलणारा दांडा) हाताळणाऱ्यांना हे चटकन कळेल. साध्या चार सिलिंडरच्या क्रँकला पिना (पिस्टनचे दांडे जोडायच्या जागा) १८० अंशांवर असतात, त्यामुळे चारही पिस्टन एकाच क्षणी थांबतात आणि एकाच क्षणी सुटतात. त्या हिसक्यांनी क्रँकचा वेग फेऱ्यागणिक कमीजास्त होतो, आणि थ्रॉटल उघडल्यावर मागच्या टायरला नेमकं किती बळ पोचतंय ते हाताला कळत नाही. पिना ९० अंशांवर ठेवल्या की दोन पिस्टन थांबलेले असताना दुसरे दोन जोरात असतात; क्रँक एकसारखा फिरतो. बदल्यात इंजिन डोलतं, म्हणून तो डोल मारायला बॅलन्सर शाफ्ट हा वेगळा दांडा घालावा लागतो. मलेशियातल्या सेपांगच्या चाचणीत यामाहाने समोर ठेवलेल्या इंजिनांतून रॉसीने दर सिलिंडरला चार व्हॉल्व्हचं, ९० अंशांच्या क्रँकचं निवडलं. टायर कुठे सुटतो हे नेमकं सांगता येणं, हाच त्याचा गुण.

गाडीला किंमत नाही, असं आम्ही म्हणत नाही. २०११ आणि २०१२ ही दोन वर्षं तो डुकाटीवर होता; एकही शर्यत जिंकला नाही. पण २०१०मध्ये डुकाटीवरच केसी स्टोनर तीन शर्यती जिंकला होता. दोन्ही गोष्टी एकत्र धरल्याशिवाय हिशेब जुळत नाही.

'न घाबरणारं काळीज' हेही चूक. २००३मध्ये ऑस्ट्रेलियातल्या फिलिप आयलंडच्या शर्यतीत पिवळ्या झेंड्याखाली (पुढे धोका आहे, ओव्हरटेक बंद, अशी खूण) ओव्हरटेक केल्याबद्दल त्याला १० सेकंदांचा दंड झाला. ते कळल्यावर त्याने वेग वाढवला आणि १५ सेकंदांची आघाडी घेऊन दंड वजा जाता जिंकला. तोवर तो राखून चालवत होता.

आता ब्रेक. शर्यतीत सगळ्यात जास्त वेळ मिळवतात तो ब्रेकवरच. गाडी सरळ असताना पुढचा ब्रेक सर्वांत जोरात. गाडी जसजशी झुकेल तसतशी बोटं सैल. पुढच्या टायरची पकड ब्रेक आणि वळण यांच्यात वाटली जाते. लिव्हर एकदम सोडला तर फोर्क (पुढचे शॉकअप) उसळतो आणि गाडी बाहेर जाते. धरून ठेवला तर पुढचं चाक घसरतं. त्या गाड्यांच्या कार्बन डिस्क साधारण २०० अंशांखाली धड पकडत नाहीत, टायर आधीच गरम करून लावतात. घाटातल्या गाडीचा टायर पहिल्या वळणाला थंडच असतो.

ट्रॅकवर तेच वळण वीस-पंचवीस वेळा येतं, बाहेर खडी पसरलेली असते, झेंडा दाखवायला माणूस असतो. जांबोटी सोडून कणकुंबीच्या पुढे गेलात की आंधळ्या वळणावर सांडलेलं डिझेल, पावसाची माती, समोरून गोव्याचा ट्रक. तिथे केलेला सराव शर्यतीच्या कामाचा नाही.

खरंच उतरायचं असेल तर कोइम्बतूरचा करी ट्रॅक आहे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा आहे. ट्रॅकवर उतरण्याआधी आरसे आणि साइड स्टँड काढा. कूलंट काढून साधं पाणी भरा; कूलंट सांडलं तर मागून येणारा घसरतो. ऑइलच्या ड्रेन बोल्टच्या डोक्याला लेथवाल्याकडून दीड मिलिमीटरचं भोक पाडून घ्या, त्यातून ०.८ मिलिमीटरची स्टेनलेस तार पीळ देऊन जवळच्या न हलणाऱ्या भागाला बांधा. ताण बोल्ट आवळण्याच्या दिशेने हवा. उलटा बांधलात तर थरथरीने बोल्ट सैल होतो, आणि तेल थेट मागच्या टायरवर येतं.