लिडस्ट्रॉमचा बचाव गुणांच्या तक्त्यात दिसत नाही

आइस हॉकीतील बचावपटू निक्लास लिडस्ट्रॉमवरच्या लेखात त्याचे मोठेपण त्याच्या १,१४२ गुणांवर (गोल आणि गोलसाठी दिलेले पास यांच्या बेरजेवर) तोलले आहे, ते मला पटत नाही. हा आकडा थोर आहेच. पण बचावपटूची खरी ओळख पटवणारा आकडा लेखातून निसटला आहे. १९९१ ते २०१२ या काळात डेट्रॉइट रेड विंग्ज या अमेरिकी संघाकडून नियमित हंगामांचे १,५६४ सामने खेळताना त्याच्या वाट्याला शिक्षेची, म्हणजे नियमभंगामुळे मैदानाबाहेर बसण्याची, अवघी ५१४ मिनिटे आली, म्हणजे सामन्यामागे सरासरी अर्धे मिनिटही नाही. धसमुसळेपणा हाच बचावपटूचा धर्म मानणाऱ्या खेळात हे अचंबित करणारे आहे.

डेट्रॉइटजवळ राहत असताना संघाच्या तेव्हाच्या घरच्या मैदानाच्या, जो लुईस अरेनाच्या, वरच्या रांगांतून त्याचा खेळ पाहिला, तेव्हा यामागचे तंत्र उमगले. प्रतिस्पर्धी भरवेगाने अंगावर येत असताना हा उलटा सरकत जाई, स्टिकचे पाते बर्फाला टेकवून पासची वाट अडवी, मधली जागा काही केल्या सोडत नसे आणि समोरच्याला हळूहळू कडेच्या फळ्यांकडे ढकलत नेई. मग अंगाला अंग न लावता पक (खेळातली रबरी चकती) अलगद काढून घेई. वेगापेक्षा अंदाजावर उभा असलेला खेळ होता, म्हणूनच चाळिशी ओलांडल्यावरही, २०११ मध्ये, त्याला सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक सातव्यांदा मिळाला. लेखकाने या बाजूवर स्वतंत्रपणे लिहावे, ही मनापासून विनंती.